मनोरीच्या किनाऱ्यावर चार दिवस

समुद्रकाठी ज्यांचा जन्म गेला त्या आमच्या वाचकांस हे वाचून कदाचित हसू येईल; परंतु आमच्या मातोश्रींनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. आमचे गाव हुमनाबाद. सोलापूर-हैदराबाद हमरस्ता आमच्या गावावरून जातो, पण समुद्र मात्र सुमारे चारशे किलोमीटर दूर. जांभ्या दगडाचे तांबडे माळ, मधून मधून काळ्या मातीचे पट्टे, त्यांत तूर, ज्वारी, उडीद आणि अलीकडे ऊस, एवढीच आमची सृष्टी. मोठे पाणी पाहावयाचे तर कारंजा धरणावर जावे. १९५६ सालापर्यंत आमचा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आमची मराठीही कानडी आणि दखनी उर्दू यांच्या शेजारात वाढलेली आहे.

"एकदा समुद्र बघायचा हाय," असे आई अनेक वर्षे म्हणत असे. २०२४ च्या जानेवारीत आम्ही तो बेत पक्का केला. तेव्हा तिने एक अट घातली: "दोघे भाऊ याल तर मी येते. नाहीतर माझा समुद्र मला स्वर्गातून दिसंल."

या अटीचा अर्थ कळावा म्हणून एक लाजिरवाणी गोष्ट येथे सांगणे भाग आहे. आमच्या वडिलांनी खणलेली एक विहीर आहे. वाटणीच्या वेळी जमीन दोन झाली, विहीर मात्र एकच राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पुढे उसाचा मोह पडला. पाळीचे पाणी पुरेना, म्हणून आम्ही आमच्या हद्दीत, विहिरीपासून पन्नास पावलांवर, बोअर घेतली. ही पहिली बोअर आमचीच, हे कबूल केलेच पाहिजे. वर्षभरात धाकट्या बंधूंनी त्याहून खोल बोअर घेतली. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला, आणि दोष कोणाचा याचा निवाडा करण्यासाठी आम्ही दोघे कचेरीची पायरी चढलो. त्यानंतर दोन वर्षे एका बांधावर उभे राहूनही आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

आईच्या अटीपुढे आमचे काही चालले नाही. दोन्ही कुटुंबे मिळून नऊ माणसे सोलापूरपर्यंत बसने आणि तेथून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो. पहाटे दादरला उतरून लोकलने मालाड, मालाडहून बसने मार्वे, असा प्रवास झाला. मार्वेच्या धक्क्यावर रस्ता संपतो आणि खाडी सुरू होते. खाडीपलीकडे मनोरी. नावेत माणसे चढतात, मासळीच्या पाट्या चढतात, मोटारसायकलीही चढतात, आणि पाच-सात मिनिटांत नाव पलीकडे लागते. आईने नावेचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. ही खाडी म्हणजेच समुद्र असे समजून ती म्हणाली, "एवढाच व्हय?" आम्ही काही बोललो नाही.

मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे ज्या भूभागावर वसली आहेत त्यास जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात. मुंबईतील प्रसिद्ध धारावीशी याचा घोटाळा करू नये. वसईच्या खाडीचे मुख या बेटावरून राखता येत असे. म्हणून चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ साली प्रथम धारावी घेतली व त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा किल्ला सर केला. आज उत्तनच्या बाजूने भाईंदरकडे मोटाररस्ता आहे. पण मार्वेहून येणाऱ्यास अजूनही नावच धरावी लागते. गोराई व मनोरी ही गावे मुंबई महानगरपालिकेत मोडतात, म्हणजे कागदोपत्री आम्ही मुंबईतच होतो. प्रत्यक्षात मात्र तेथे कोंबडा आरवलेला ऐकू येई.

आमचे विश्रामगृह अगदी लहान होते. आठ खोल्या, मंगलोरी कौलांचे छप्पर, पुढे सुरूच्या झाडांची रांग आणि त्यापुढे वाळू. ते चालविणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या, तेथल्याच ईस्ट इंडियन समाजाच्या. हा समाज याच उत्तर कोकणातला, मराठी बोलणारा. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्याने हे नाव घेतले, ते गोव्याहून व मंगळुरूहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. बाईंची बोली आम्हांस अर्धी कळे, आमची त्यांना अर्धी कळे. तरी आईचे आणि त्यांचे पहिल्याच तासात जमले. त्या आईला मावशी म्हणू लागल्या.

सुरूच्या रांगेतून बाहेर पडल्यावर आईने खरा समुद्र पाहिला. ती बराच वेळ उभी राहिली. मग पदर सावरून म्हणाली, "धरणाला पल्याडची कड असती. ह्याला न्हाई." एवढे बोलून ती वाळूत बसली ती जेवणाची हाक येईपर्यंत उठली नाही.

मनोरीचा समुद्र चित्रांतल्यासारखा निळा नाही, हे स्पष्ट सांगतो. तो मातकट आहे, आणि भरतीच्या वेळी पाण्यात जाणे सुरक्षित नव्हे. परंतु त्याच्या वेळापत्रकात एक मोठे समाधान आहे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांचा उशीर. दुसऱ्या दिवसापासून आमची मुले घड्याळ पाहीनाशी झाली. ओहोटीला वाळू ओली व घट्ट होई, तीवर खेकडे लहान लहान गोळ्यांची नक्षी काढीत. कोळीवाड्याकडे बांबूंना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, वाळत घातलेले असत. वास प्रथम नाकाला झोंबला. तिसऱ्या दिवशी त्याच वासाने भूक लागू लागली.

तेथल्या शांततेने मात्र आमची पंचाईत केली. घरी बोलणे टाळावयाचे तर काम असते, बाजार असतो, मोटर चालू करावयाची असते. येथे काहीच नव्हते. ध्वनिवर्धक लावण्यास बाईंची सक्त मनाई, खोलीत दूरचित्रवाणी नाही. दोघे भाऊ एकाच ओसरीच्या दोन टोकांना बसत होतो आणि मध्ये आई शेंगा सोलीत होती.

विश्रामगृहाच्या अंगणात एक विहीर होती, समुद्रापासून फार तर दीडशे पावलांवर. तिचे पाणी चाखून पाहिले तो गोड! बाईंचा नियम असा, की पंप सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तासच चालावयाचा आणि स्नानास माणशी दोन बादल्या. आमच्या चिरंजीवांनी तक्रार केली, तेव्हा त्यांनी त्यास विहिरीच्या कठड्याशी नेले. आम्हीही मागोमाग गेलो. थोड्या अंतराने बंधूही आले.

बाईंचे जावई विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी समजावून सांगितले ते असे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असते. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट वर असेल, तर तिच्याखाली समुद्रपातळीपासून सुमारे चाळीस फूट गोडे पाणी साठलेले असते. परंतु हा हिशेब उलटाही चालतो. उपसून उपसून ती पातळी एक फूट खाली आणली, तर खालून खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू पाहते.

"आणि एकदा चढलं का सहजी उतरत नाय," बाई म्हणाल्या. पूर्वी शेजारच्या एका वाडीत टँकर भरण्यासाठी मोठा पंप बसविला होता. तीन उन्हाळे पैसा झाला. चौथ्या उन्हाळ्यात त्या वाडीचे पाणी मचूळ झालेच, पण ज्यांनी कधी पंप लावला नव्हता त्या दोन घरांच्या विहिरीही गेल्या. "वर कुंपण हाय, बाबा. खाली कुठं कुंपण हाय?"

हे वाक्य त्या बाई सहज बोलल्या. आमच्या घरचा खटला त्यांना ठाऊक नव्हता. आम्ही बंधूंकडे पाहिले नाही आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. परंतु आईने दोघांकडेही पाहिले.

त्या संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर मुले आत गेली. आम्ही वाळूत बसलो होतो. बंधू येऊन काही अंतरावर बसले. भरती चढत होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले,

"अण्णा, तुमची बोअर किती फुटांवर गेली?"

"साडेचारशे."

"माझी सहाशे."

पुन्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "बाबांनी ती विहीर चाळीस फुटांत लावली होती."

क्षमा मागण्याचे शब्द आमच्या ओठांशी आले होते, पण निघाले नाहीत. "पहिली आम्ही घेतली," एवढेच म्हणालो. त्यांनी मान हलविली. दोन वर्षांनंतरचे आमचे संभाषण ते एवढे. पाणी पायांशी आले तेव्हा दोघेही उठलो आणि एकाच वाटेने परतलो.

दुसरा दिवस रविवार. मिस्सेहून परतताना गावातून फिरलो. अरुंद रस्ते, वळणावळणावर क्रूस, ओसऱ्यांवर जाळी विणणारी माणसे. एका ओसरीवर बसून आम्ही आजच्या प्रश्नांविषयी ऐकले. मार्वे-मनोरीच्या खाडीवर पूल बांधण्याची योजना बरीच वर्षे चर्चेत आहे. दवाखाना, कॉलेज, नोकरी यांसाठी पूल हवा असे काहींना वाटते, आणि रात्री आजारी माणसाला घेऊन नावेची वाट पाहणाऱ्यास ते वाटणारच. पुलावरून बिल्डर प्रथम येईल, अशी भीती दुसऱ्यांना वाटते, आणि तीही पोकळ नाही. मनोरीस समुद्राचे पाणी गोडे करून मुंबईस पुरविण्याचा प्रकल्पही महापालिकेने योजिला आहे. आरंभी दिवसाला वीस कोटी लिटर पाणी, असा त्याचा अंदाज. यंत्राने समुद्र गोडा होईल. पण त्याला वीज लागेल, खर्च येईल, आणि मागे उरलेले अतिखारे पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागेल. पाऊस जे काम फुकट करतो त्याची किंमत तेथे कळते. चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्याने या वादांत निकाल देणे योग्य नव्हे. एवढे मात्र आम्ही पाहिले, की जी शांतता आम्ही पैसे देऊन उपभोगली ती आयती नाही. पंप वेळेवर बंद करणारे, सुरूची झाडे न तोडणारे, नावेची वाट पाहणारे असे कोणीतरी तिची किंमत रोज देत असते.

परतताना आम्हांस आमच्या बिदरची आठवण झाली. नौबादची सुरंग बावी अनेकांनी पाहिली असेल. बहामनी राजवटीत, सुमारे पंधराव्या शतकात, जांभ्या दगडात खणलेला तो भुयारी पाण्याचा मार्ग. दगडातून पाझरणारे पाणी केवळ उताराने वाहत जाई आणि जागोजागच्या उभ्या कूपांतून लोक ते काढीत. झिरपेल तेवढेच मिळे. त्याहून अधिक ओढण्याची सोयच नव्हती. मनोरीच्या वाळूत आणि आमच्या जांभ्यात एकच कायदा चालत आला आहे, आणि तो आम्ही साडेचारशे फूट खोल जाऊन मोडला होता.

घरी आल्यावर चमत्कार झाला असे कोणी समजू नये. खटला मागे घेण्यास चार महिने लागले. दोन्ही घरांत कुरबुर झाली. उसाचे पैसे गेले त्याचे दुःख अद्याप आहे. आता ऊस दोघांचा मिळून एक एकर, तोही ठिबकवर, बाकी तूर. दोन्ही बोअरना दिवस वाटून दिले आहेत आणि उन्हाळ्याचे दोन महिने त्या बंद राहतात. पुढच्या पावसाळ्यानंतर वडिलांच्या विहिरीत दोन परस पाणी उभे राहिले. ते चांगल्या पावसाने की आमच्या शहाणपणाने, हे सांगता येणार नाही. बहुधा पावसानेच. पण ते टिकले, एवढे खरे.

ज्यांना मनोरीस जावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत जावे, शनिवार-रविवारची गर्दी शक्यतो टाळावी, सामान हलके न्यावे आणि भरतीची वेळ नावाड्यास विचारून घ्यावी. पाणी बेताने वापरावे. आणि घरात जर कोणाशी अबोला असेल, तर त्या माणसासही बरोबर न्यावे.

आई आता एकोणऐंशी वर्षे पार करून गेली आहे. संध्याकाळी ती ओसरीवर बसून अजून विचारते, "आज पाळी कुणाची?" पूर्वी या प्रश्नाची आम्हांस धास्ती वाटे. आता दोघांपैकी जो जवळ असेल तो उत्तर देतो.