आमचं स्टेशन

चारकोपला रेल्वे स्टेशन नाही. आमचं स्टेशन कांदिवली. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोपला छोटे प्लॉट पाडले. त्यातल्याच एकावर अब्बांनी घर बांधलं. स्टेशन लांब म्हणून अम्मी कुरकुर करायची. अब्बा म्हणायचे, "बस आहे ना!"

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तेव्हा दिवसातून एकच गाडी जायची आणि परत यायची. पुढे १९२०च्या दशकात कांदिवली पूर्वेच्या टेकडीची माती बॅकबेच्या भरावासाठी गेली. ५ जानेवारी १९२८ला कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, "टीचर, डोंगर समुद्रात गेला?"

एक गोष्ट मात्र कुठल्या पुस्तकात नाही.

११ जुलै २००६. मी अकरावीला होते. संध्याकाळी ११ मिनिटांत सात डब्यांत स्फोट झाले. अब्बांचा फोन लागेना. अम्मी जानमाज अंथरून बसली होती. मध्यरात्री अब्बा घरी आले, अंधेरीहून चालत. रस्त्यात लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, एवढंच बोलले.

सकाळी ते नेहमीसारखे तयार झाले. दाढी, टोपी, डबा. अम्मी म्हणाली, "आज टोपी खिशात ठेवा." अब्बा काही बोलले नाहीत. टोपी डोक्यावरच राहिली.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. डब्यात चढले तेव्हा सगळे गप्प होते. पाय जड झाले. तेवढ्यात रोजच्या ग्रुपमधून हाक आली, "चाचा, इकडे या, जागा ठेवलीय." हे सांगताना अब्बांचा आवाज भरून आला. एरवी चौथ्या सीटसाठी भांडणारी ती माणसं!

२०२५च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने या खटल्यातल्या सर्व १२ जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पेपर खाली ठेवून अब्बा म्हणाले, "मग ज्यांची माणसं गेली, त्यांनी कोणाकडे बघायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०२२पासून आमच्या भागात मेट्रो आली आहे. तरी शाळेला मी बसने कांदिवलीला येऊन लोकलच पकडते. गर्दीत एखादी नवखी बाई उभी दिसली की सरकून म्हणते, "या, बसा." हे मी अब्बांच्या त्या डब्याकडून शिकले.