आईचा पहिला विमान प्रवास

गेल्या वर्षी आईला मुंबईहून नागपूरला विमानाने नेले. आजवर ती दीक्षाभूमीला गेली ती रेल्वेच्या जनरल डब्यात, दाराशी बसून. गुडघे दुखू लागल्यावर ते जमेना. म्हणून बचत करून सहा तिकिटे काढली. आदल्या दिवशी धाकट्या भावाला ताप भरला. त्याचे तिकीट रद्द केले, तर एजंट म्हणाला, "काही परत मिळत नाही." पण मूळ भाडे बुडाले तरी विमानतळाचे शुल्क व सरकारी कर परत द्यावेच लागतात, असा नियम आहे. लेखी अर्ज केला. तेवढे पैसे आले.

बंधू-भगिनींनो, मोबाईलवरचे चेक-इन लवकर करावे. आम्ही उशीर केला, म्हणून आठ वर्षांच्या मुलीची जागा दूर पडली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच बुकिंगमधील आई, वडील किंवा पालकाजवळ बसवावे, असा डीजीसीएचा २०२४ चा आदेश आहे. काउंटरवर तो शांतपणे सांगितला. जागा बदलून मिळाली. हा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोहोचावे.

आईसाठी व्हीलचेअर आधीच मागितली होती. विमानात तिला सर्वांच्या आधी घेतले.

"एवढ्या साहेब लोकांच्या आधी मला?" आई संकोचली.

"तशीच पद्धत आहे, आई."

नागपूरला उतरल्यावर तिने पाटी वाचायला लावली. २००५ पासून या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. आईने हात जोडले. म्हणाली, "पुढच्या खेपेला धाकट्यालाही आण."