मोत्याने घेतलेली माझी शिकवणी

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा गृहपाल म्हणून घालवलेल्या वर्षांच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम मनात आले. परंतु त्या वर्षांतील माझी एक मोठी चूक मला निवृत्तीनंतर, वटारच्या घरी, एका गावठी कुत्र्यामुळे उमगली. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

वटार हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचे, समुद्राच्या अलीकडचे वाड्यांचे गाव. केळी, नारळ, पानवेली आणि मोगरा यांच्या मधून जाणारा अरुंद रस्ता आमच्या फाटकाला लागूनच आहे. पहाटे त्यावरून बाजाराला जाणारी फुले जातात आणि रविवारी राजोडी-कळंबच्या किनाऱ्याकडे निघालेल्या मोटारी. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात बावखलाच्या काठी कुडकुडत पडलेले एक पिल्लू आम्ही घरी आणले. त्याचे नाव मोत्या ठेवले.

इतकी वर्षे मुलांना शिस्त लावली, तेथे कुत्र्याची काय कथा, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मोत्या दोन वर्षांचा झाला तरी फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंके, फिरायला नेले की साखळीला हिसडे देई आणि हाक मारली की उलट्या दिशेने पळे. मी ओरडे, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारी आणि दिवसभर त्याला बांधून ठेवी. कुत्राच हट्टी निघाला, असा निकाल मी देऊन टाकला होता.

एका रविवारी शेजारचा नातू चेंडू घ्यायला आत आला आणि मोत्याचा दात त्याच्या पोटरीला लागला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली, लगेच रुग्णालयात नेले आणि पुढे लसीच्या सर्व मात्रा पूर्ण केल्या. मूल सुखरूप राहिले. पण मोत्याला दूर कोठेतरी सोडून यावे, असे घरात सर्वांचे मत पडले. मीही तयार झालो होतो. त्या संध्याकाळी मुलाची आजी आली. भांडायला आली असेल, असे वाटले. ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, तुम्ही बोलता तेव्हा तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही. हाताकडे बघतो.”

ते वाक्य मनातून जाईना. मी एक वही घातली. मोत्याने काय केले हे त्यात लिहायचे नाही. त्याच्या आधी व नंतर मी काय केले, एवढेच लिहायचे, असे ठरवले. आठ दिवसांत वहीने मला उघडे पाडले. मी त्याला हाक मारी ती आंघोळीसाठी किंवा बांधण्यासाठी. मग त्याने का यावे? तो भुंके तेव्हा मीही मोठ्याने ओरडे. त्याला वाटत असणार, धनीही आपल्याबरोबर भुंकत आहे. मी ‘बस’ म्हणे, पत्नी ‘खाली’ म्हणे, मुलगा ‘सिट’ म्हणे. जेवताना दहा वेळा त्याला हुसकावून अकराव्या वेळी मीच भाकरीचा तुकडा टाकी. कधीतरी, अवचित मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवले आहे. बी.एड.ला मी ते पाठ केले होते; ताटावर बसून मात्र विसरलो होतो.

कुत्र्याला आपण वरचढ आहोत हे दाखवलेच पाहिजे, या समजुतीचाही मी शोध घेतला. तिचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या केलेल्या निरीक्षणांत आहे. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने ‘म्होरक्या लांडग्या’ची कल्पना सर्वत्र पोहोचवली, पण रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर त्यांनीच 1999 मध्ये लिहिले, की तो कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात. पिल्ले आईबापांच्या मागून चालतात. त्यासाठी रोज लढाई जिंकावी लागत नाही.

परंतु मला खरा हादरा बसला तो अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या प्रयोगाने. कुत्र्याने मना केलेला खाऊ खरोखर खाल्ला की नाही, यावर त्याची ती ‘अपराधी’ मुद्रा अवलंबून नसते. धनी रागावला की ती दिसते, असे त्यांना आढळले. मान खाली, नजर चोरलेली, अंग आक्रसलेले. मोत्याची ती मुद्रा पाहून मी किती वेळा म्हटले होते, “बघा, चूक त्याला कळते.” त्याला कळत होता तो फक्त माझा राग.

त्या रात्री मला वसतिगृहातला एक मुलगा आठवला. भांडारातील काही वस्तू नाहीशा झाल्या होत्या. मी सर्वांना रांगेत उभे केले. एकाचीच मान खाली होती, ओठ थरथरत होते. मी त्यालाच शिक्षा केली. पुढे कळले की त्या वस्तू दुसऱ्याच खोलीत ठेवल्या गेल्या होत्या. मी चूक सुधारल्याची नोंद केली. त्या मुलाजवळ मात्र एक शब्दही बोललो नाही. पुढच्या सुट्टीनंतर तो परतलाच नाही.

दर शनिवारी मी मुलांना जातककथा सांगत असे. त्यांत कुक्कुर जातकही होते. राजाच्या रथाचे चामडी सामान रात्री पावसात उघड्यावर राहिले आणि कुत्र्यांनी कुरतडले. राजाने राजवाड्यातील कुत्री वगळून नगरीतील सर्व कुत्री मारण्याची आज्ञा केली. स्मशानातील कुत्र्यांचा नायक झालेल्या बोधिसत्त्वाने राजवाड्यातील कुत्र्यांना ताकातून कुशगवत पाजायला लावले, तेव्हा चामडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले. मी ‘न्याय’ हे तात्पर्य सांगून थांबत असे. ते सामान पावसात कोणी सोडले, हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही.

आमच्या घराजवळच सोपारा. तेथे 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण धम्मयात्रेला निघालो, असे त्या लेखात सम्राट सांगतो. प्रजेला उपदेश करणाऱ्याने बदललेली स्वतःची सवय त्या दगडावर कोरलेली आहे.

मीही माझ्या सवयींपासून सुरुवात केली. साखळी काढून अंगणात लांब दोरी बांधली आणि फाटकाला कडी बसवली. पहाटे, गर्दी होण्यापूर्वी, त्याला राजोडीच्या किनाऱ्यावर नेऊ लागलो. घरात एकच शब्द ठरला: ‘बस’. हाकेला आला की सुकटीचा तुकडा आणि लगेच मोकळीक. ताटातून काही नाही, कोणीही नाही. तो भुंकला तर मी गप्प राहून त्याला फाटकापासून बाजूला नेई. सर्वांत अवघड होते माझा हात खाली ठेवणे. तो सवयीने उठे आणि मोत्या दचके. सुमारे तीन महिन्यांनी एके सकाळी मी चष्मा सारखा करायला हात वर नेला, तर मोत्या दचकला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत बसून राहिला.

दिवाळीच्या फटाक्यांना तो आजही पलंगाखाली शिरतो आणि लहान मूल अंगणात आले की मी अजूनही दोरी हातात धरतो. पण शेजारची आजी आता फाटकातून आत येते.

या स्मरणिकेतून शाळेच्या तरुण शिक्षकांना आणि गृहपालांना माझी एवढीच विनंती आहे: मान खाली घातलेला विद्यार्थी दिसला, तर निकाल देण्यापूर्वी आपला हात कोठे आहे ते पाहावे. आणि तो माजी विद्यार्थी कोठे हे वाचत असेल, तर त्याला सांगायचे आहे, की बाळा, चूक तुझी नव्हती. हे त्याच दिवशी, त्याच रांगेसमोर म्हणायला हवे होते. मला क्षमा कर.