एकाच पायाला सूज आली, तर?

एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखायला लागली, की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: कोमट तेल लावून जोरात मालिश. पण पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून सूज एकाच पायाला आणि नवीन असेल, तर तपासणी होईपर्यंत तेलाची बाटली बाजूला ठेवा.

मध्यंतरी पैठणकडच्या एक मावशी आल्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे अंथरुणावरच होत्या. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली चार सेंटिमीटर जाड. हे साध्या टेपने मोजलं. मग मशीन त्यांच्या कॉटपाशीच आणलं. जांघेत जेल लावून प्रोब ठेवला की पडद्यावर दोन काळे गोल दिसतात, एक धमनी आणि एक शीर. प्रोब हलकेच दाबल्यावर निरोगी शीर चपटी होऊन मिटते, धमनी ठोके देत गोलच राहते. शीर दाबूनही मिटली नाही, तर आत गुठळी आहे असं समजायचं. मावशींची जांघेतली शीर मिटली, गुडघ्यामागची मिटेना. शेजारी उभ्या मुलालाही ते दिसलं. पाच मिनिटांत निदान झालं. ऑपरेशनची जखम बघून रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू केलं आणि नंतर रेडिओलॉजिस्टकडून पूर्ण कलर डॉपलर करून घेतला.

कॉटपाशी केलेल्या या तपासणीत सगळं कळतं असं नाही. पोटरीतल्या बारीक शिरांमधली गुठळी निसटू शकते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी संशय राहिला, तर आठवड्याभराने पुन्हा बोलावतो. बोलावलं तर या, कंटाळा करू नका. कधी गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटलेली असते, कधी कातडीखाली जंतुसंसर्ग असतो. दोन्ही पाय सुजले असतील तर आम्ही हृदय, किडनी, लिव्हरकडे बघतो. (बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीनेही पाय सुजतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

"मशीन आता बॅगेत मावतं, मग घरी येऊन बघा ना," असं नातेवाईक म्हणतात. ते कायद्याने चालत नाही. पायाची शीर दाखवणारं मशीन गर्भही दाखवू शकतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. २०१२ च्या नियमानुसार हे छोटं मशीन नोंदणी असलेल्या हॉस्पिटलमध्ये, भरती पेशंटसाठीच वापरायचं. अपवाद फिरत्या वैद्यकीय पथकांचा. खेड्यातल्या पेशंटची यात गैरसोय होते, हे मला पटतं. पण शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यामुळे मी या नियमाच्या बाजूने आहे.

तेव्हा पेशंटलाच घेऊन या, शक्यतो त्याच दिवशी. सोबत अचानक दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले किंवा थुंकीतून रक्त आलं, तर सरळ १०८ ला फोन करा. जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.