काडीतलं गाणं

विलंबित ख्याल आणि कुकरच्या शिट्ट्या यांचं जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी पावणेआठच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात यावं. डाळ-भाताला तीन शिट्ट्या. छोले असले तर पाच, आणि मग गॅस बारीक. हा हिशोब मनात चालू असतो, तव्यावरची पोळी फुगत असते आणि माझ्या चष्म्यात किशोरीताई भूप गात असतात. चष्म्यात म्हणजे त्याच्या काड्यांमध्ये. दोन्ही काड्यांच्या पोटात, कानाच्या जरा पुढे, एकेक इवलासा स्पीकर बसवलेला आहे. कानात काही घातलेलं नाही, कानांवर काही चढवलेलं नाही. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की बाई चाळिशी लावून पोळ्या लाटतेय.

काडीच्या आतल्या बाजूला एक बारीक फट आहे, वरच्या कडेला दुसरी. नवीन आणला तेव्हा मी भिंग घेऊन त्या पाहिल्या होत्या. खालच्या फटीतून आवाज कानाच्या दिशेने येतो, वरच्या फटीतून त्याचीच उलटी लाट बाहेर पडते आणि थोड्या अंतरावर या दोन लाटा एकमेकींना खोडून टाकतात. म्हणून माझ्या कानाला भरपूर गाणं मिळतं आणि पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्याला जेमतेम कुजबुज. अर्थात ही सगळी दिवसाउजेडीची गोष्ट. रात्री पंखा बंद असला, की नवरा कुशीवर वळून विचारतो, ‘‘कोण गातंय गं?’’

कान उघडा ठेवण्याची किंमत मात्र खालच्या सुरांना मोजावी लागते. कान बंद केल्याशिवाय एवढ्याशा स्पीकरला खोल आवाज पेलवत नाहीत. त्यामुळे माझ्या चष्म्यात तबला एका हाताने वाजतो. दायांची चाट अगदी टिपून घ्यावी इतकी स्वच्छ. डग्ग्याचा घुमारा नाहीच. ‘धा’ आणि ‘ता’ यांच्यातला फरक मला ठेक्याच्या सवयीने भरून घ्यावा लागतो. तानपुऱ्याच्या तीन तारा ऐकू येतात, चौथी, खर्जाची, आहे असं गृहीत धरायचं. भूप यातून तरून जातो, कारण किशोरीताईंचा आवाज वरच्या उजेडात खेळतो. पण उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला आणि मला तो काही ऐकवेना. तो माणूस खाली मंद्रात पाय रोवून किती वेळ उभा राहतो! तिथलं अर्धंअधिक गाणं काडीतून येतच नाही. येते ती त्याची वरची साय. बोलणं मात्र छान ऐकू येतं. फोन, बातम्या, कथाकथन, कादंबऱ्या. माणसाच्या बोलण्यातला कळण्याजोगा भाग मधल्या पट्टीत असतो आणि या काड्यांना नेमकी तीच पट्टी साधते.

या यंत्राला स्पर्शाची भाषा कळते. उजव्या काडीवर एकदा टिचकी मारली की गाणं थांबतं, दोनदा मारली की फोन उचलला जातो. कल्पना बरी आहे. पण चष्मा लावणाऱ्या माणसाचा हात दिवसातून किती वेळा काडीकडे जातो याची गणती ती रचणाऱ्याने केली नसावी. नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवला, की तान मध्येच तुटते. शिवाय कानशिलावर बोट टेकवून मी क्षणभर थांबले, की समोरचा हटकून विचारतो, ‘‘डोकं दुखतंय का?’’ आमच्या ऑफिसात दोघी-तिघींनी मला आपणहोऊन बाम देऊ केला. चष्मा कपाळावर चढवला तर आणखीच मजा. गाणंही त्याच्याबरोबर वर जातं आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणी गात असावं तसं टाळूवरून ऐकू येतं. एक फायदा नमूद करायला हवा. हा चष्मा हरवला तर फोनवरून गाणं लावायचं. मग तो वर्तमानपत्राखालून, उशीच्या अभ्र्यातून नाहीतर कडीपत्त्याच्या डब्यामागून हाक देतो. मिटून ठेवला असेल तर मात्र तो मुका.

लक्ष्मी रोडवर आमचा जुना चष्मेवाला आहे. काडी कानामागे टोचत होती म्हणून त्याच्याकडे गेले. नेहमीप्रमाणे त्याने गरम हवेचं यंत्र चालू केलं, काडी बोटांत धरली, वजनाने जरा चपापला, उलटी करून पाहिली आणि यंत्र बंद केलं. ‘‘ताई, ह्यात सेल आहे. हे मी तापवणार नाही.’’ माझ्या कानांच्या उंचीत थोडा फरक आहे आणि तो गेली वीस वर्षं माझा प्रत्येक चष्मा त्या फरकाप्रमाणे वाकवत आला आहे. ही काडी कानामागे थोडी वळते तेवढीच. बाकी सरळसोट, जाड, कुणाच्याही डोक्याला बसेल अशी. त्याने नाकाच्या पट्ट्या किंचित फाकवून काम भागवलं, पैसे घेतले नाहीत आणि मी निघताना म्हणाला, ‘‘गाणं चांगलं लागतं का पण?’’

वेताळ टेकडीवर हा चष्मा सगळ्यात शोभतो. चतुःशृंगीकडून किंवा एआरएआयच्या बाजूने चढून आलात, की गावाचा आवाज पायाखाली राहतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तांबट पक्षी सुरू होतो. दिसत नाही, कुठल्याशा निष्पर्ण फांदीवर बसून एकच एक ठोका देत राहतो. न दमता, न लय सोडता. एका सकाळी मध्यलय तीनताल चालू होता आणि तांबटाचा ठोका त्यात असा काही येऊन बसला, की सम कुणाची, त्याची का तबलजीची, ते कळेना. मग हळूहळू दोघं एकमेकांपासून सरकत गेले. तांबट आपल्या लयीला पक्का होता, तबलजी गायकाबरोबर पुढे निघाला होता. मी तिथल्याच एका दगडावर बसले आणि ते पुन्हा कधी जुळतात याची वाट पाहिली. नाही जुळले. मोर ओरडला, मागून दोन आजोबा मधुमेहावर बोलत गेले. कानात बोळे घालून आले असते, तर यातलं फक्त विकत घेतलेलं तेवढं ऐकू आलं असतं.

लहानपणी गिरगावातल्या आमच्या चाळीत रेडिओ फळीवर होता आणि तो सगळ्यांचा होता. दुपारी वनिता मंडळ लागलं की शेजारच्या काकू निवडायचे तांदूळ घेऊन आमच्या उंबऱ्याशी येत. आई सांगायची, 1955 साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा लोक रेडिओभोवती जमून बसायचे, काही घरांत तर रेडिओला हार घालायचे. एकट्याने ऐकणं तेव्हा शक्य नव्हतं, आणि ते शोभेल असंही कुणाला वाटलं नसतं. पुढे सोनीने 1 जुलै 1979 ला पहिला वॉकमन विकायला काढला, तेव्हा त्या कंपनीलाही हीच धाकधूक होती. एकट्यानेच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, म्हणून त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनसाठी दोन जागा ठेवल्या होत्या आणि वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हलकं व्हायचं आणि यंत्रातल्या माइकमधून शेजारच्या माणसाचं बोलणं कानात यायचं. लोकांना ते बटण फारसं लागलं नाही आणि पुढे ते गेलं. मला त्या नारिंगी बटणाबद्दल उगाच माया वाटते. माझ्या चष्म्यात ते बटण नाही. पण तो आहे असा, की ते कायमचंच दाबलेलं असावं.

चष्म्यात कान बसवण्याची कल्पनाही जुनीच. ट्रान्झिस्टर आल्यावर, 1950 च्या दशकात, परदेशांत श्रवणयंत्रं चष्म्याच्या काड्यांत घालून विकत असत. ऐकू कमी येतं हे लपवण्यासाठी तो उद्योग होता. आता आपण ऐकतोय हे लपतं. कानात बोळे दिसले की माणसं आपल्याला सोडून देतात. लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, भाजीच्या गाडीशी. चष्म्याला तसा मान नाही. मी कादंबरीच्या ऐन मोक्याच्या जागी असताना भाजीवाली मावशी मला तिच्या सुनेचं सांगायला लागते, आणि मी काडीवर टिचकी मारून ते ऐकते. उलटही होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने एक प्रवासवर्णन ऐकत होते आणि चेअरमननी माझ्या संयमाचं कौतुक केलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई मात्र सावध आहेत. रे-बॅन मेटाचा कॅमेरावाला चष्मा 2025 च्या मे महिन्यात भारतात विकायला आला आणि त्याची छायाचित्रं त्यांनी कुठेतरी पाहिली. तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्या माझ्या भुवयांकडे बघतात. ‘‘यात कॅमेरा नाही हो,’’ मी सांगते. ‘‘असं तुम्ही म्हणताय,’’ त्या म्हणतात. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. समोरच्याचा चष्मा आता नुसता चष्मा राहिलेला नाही, आणि आपण बोलतोय ते कुणी ऐकतंय, का तिसरंच काही ऐकतंय, हे चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय गेली.

हा चष्मा मला मुलाने दिला. डबा उघडून दाखवताना त्याने त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य सांगितलं, ‘‘आई, यात तुला दाराची बेलपण ऐकू येईल.’’ अगदी प्रेमाने सांगितलं. त्याच्या स्वतःच्या कानात तेव्हा बाहेरचा आवाज खोडून टाकणारे पांढरे बोळे होते. त्यातला एक त्याने माझ्याशी बोलण्यापुरता काढून हातात धरला होता. त्याच्या बाबांचे हेडफोन तर वाटीएवढे, मऊ गादीचे. ते चढवले की पोलीस बँड घरातून गेला तरी त्यांना पत्ता लागत नाही.

मी बरेच दिवस त्या वाक्याभोवती घुटमळले. बेल, कुकर, दुधावरची झाकणी थडथडल्याचा आवाज, वॉशिंग मशीनची शेवटची शिटी, सासूबाईंनी आतून दिलेला हुंकार, पाण्याची टाकी भरून वाहायला लागल्याचा पन्हाळीतला आवाज. आमच्या घरात हे सगळं एकाच माणसाला ऐकू येतं. ऐकू येणं हे तिचं कामच असल्यासारखं. कंपन्या या चष्म्यांची जाहिरात करतात ती धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या तरुणांना दाखवून: गाणं ऐका आणि मागून येणारी गाडीही ऐका. पण अर्धा कान गाण्याकडे आणि दीड कान घराकडे हे कसब आमच्याकडे फार आधीपासून आहे. त्याला चार तासांची बॅटरी लागत नाही आणि ते रात्री चार्जिंगलाही लावत नाहीत. चष्म्याने मला गाणं दिलं हे खरं; आणि माझी ड्यूटी तशीच ठेवून दिलं हेही तितकंच खरं. त्यात मी खूश आहे का? पोळ्या करताना आहे. टेकडीवर तर फारच.

मारव्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. तो काडीतून येत नव्हता आणि शिट्ट्या मोजत तर तो ऐकूच नये. शेवटी मी नवऱ्याचे वाटीवाले हेडफोन मागून घेतले आणि रविवारी संध्याकाळी, उन्हं कलताना, एक तास ते लावून आतल्या खोलीत बसायचं असं जाहीर केलं. चष्मा बाहेर, शोकेसवर. पहिल्याच रविवारी खर्ज असा अंगावर आला, की मी खुर्चीचे हात धरले. डग्गा होता. चौथी तार होती. खाँसाहेब जिथे उभे असतात तिथली जमीन होती. त्या तासात बाहेर काय चाललंय ते मला कळलं नाही आणि मी कळूनही घेतलं नाही. बेल वाजली म्हणे, चांगली बराच वेळ वाजली. घरात बाप आणि लेक दोघंही होते. कुरिअर समोरच्यांनी घेतलं.