जीव धरलेली अंडी

गेल्या महिन्यात आमच्या कोरेगाव भीमाच्या घराच्या परसात मुंगूस शिरलं आणि खुडूक बसलेली गावरान कोंबडी घेऊन गेलं. बसल्याचा सहावा दिवस होता. डालग्यात ११ अंडी, हाताला अजून कोमट. ही म्हणाली, "अहो, यात जीव धरला असेल. टाकवत नाहीत." दुसरी खुडूक कोंबडी गल्लीत कुणाकडेच नव्हती.

शेजारचा एक मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडे ३० अंड्यांचं लहान उबवणी यंत्र होतं, ते तासाभरात घेऊन आला. खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथल्या मोठ्या यंत्रांत जे चालतं तेच या डब्यात: ३७.५ अंश सेल्सिअस ऊब, भांड्यातल्या पाण्याने राखलेला दमटपणा, आणि अंडी फिरवत राहणं. एकाच अंगावर राहिलं तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे सगळं न शिकता करते. आम्हाला मात्र वही घालावी लागली!

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंडी उजेडाला धरली. मोबाइलच्या दिव्यावर भोक पाडलेला पुठ्ठा, त्यावर अंड्याची बोथट बाजू. याला कँडलिंग म्हणतात, कारण पूर्वी मेणबत्ती वापरत. दोन अंडी नुसती पिवळसर, कोरी. ती फलितच झालेली नव्हती. एकात तांबडं कडं, म्हणजे जीव धरून गेलेला. सहांत मात्र कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा आणि मधे ठिपका. "हलतंय!" ही म्हणाली, आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

उरलेल्या दोघांचं कवच गडद तपकिरी, आतलं काही दिसेना. मुलगा म्हणाला, "गुरुजी, काढून टाका. सडून फुटलं तर बाकीची नासवेल." त्याचं खरं होतं. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कसं म्हणावं? दोन्हींवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि रोज वास घेत राहिलो. चौदाव्या दिवशी एकात हवेची पोकळी सोडून सगळं काळं भरलेलं, आणि ते काळं हलत होतं. दुसऱ्यात काहीच नव्हतं. ते पुरलं.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, पाणी वाढवलं. एकविसाव्या दिवशी पहाटे कवचाच्या आतून चिवचिव! भोक पाडल्यावर पिल्लू तासन्‌तास थांबतं. सोलून मदत करावीशी वाटते, पण करू नये. पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लाच्या अंगात जायचा असतो. हिने दोनदा माझा हात धरला.

संध्याकाळपर्यंत पाच आली. एक आतच राहिलं. प्रश्नचिन्हवालं बाविसाव्या दिवशी दुपारी बाहेर पडलं.

सध्या सहाही खोक्यात, बल्बच्या उबेला आहेत. परसाला जाळी मारली. आई नाही, म्हणून ही रोज सकाळी ताटलीतल्या कण्यांवर बोटाने टकटक करते, कोंबडी चोचीने करते तसं. पिल्लं धावत येतात.