तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

वाचकहो, गोड्या तेलाचा मोठा डबा तुमच्या घरी कधी ना कधी फोडला असेलच. एका कोपऱ्याला भोक पाडून डबा कलता केला, की तेल उचक्या देत पडतं, मधेच थांबतं. समोरच्या कोपऱ्याला दुसरं बारीक भोक पाडलं, की धार सरळ लागते. हे घरातल्या बाईला सांगावं लागत नाही. मला मात्र साठी उलटल्यावर शिकावं लागलं, तेही एका स्कूटरपायी.

आमची चेतक १९८६ सालची. ही गाडी १९७२ साली निघाली, आणि पुढं कितीतरी वर्षं नंबर लावून तिची वाट बघावी लागे. आता त्या नावाची विजेची गाडी २०२० पासून रस्त्यावर आहे, पण आमच्या पडवीत वडिलांची जुनीच उभी असते. दोन स्ट्रोकचं, १४५ सीसीचं इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला २० मिली.

बोअर झिजलं तेव्हा गॅरेज चालवणारा माझा पुतण्या म्हणाला, "काका, खोललंच आहे तर जरा जोरही वाढवू." त्यानं नवा पिस्टन घातला, पोर्ट घासून मोकळे केले, मोठा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. गाडी तरणी झाली. पण चार दिवसांत एक खोड दिसू लागली. गावात हळू चालवली तर काही तक्रार नाही. मोठ्या रस्त्याला लागून मूठ पूर्ण पिळली, की तीनेक किलोमीटरवर इंजिन गळाठायचं, फटफट करून बंद पडायचं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

पुतण्यानं रीतसर तपासलं. प्लग बदलला, पॉइंटमधली फट मोजून लावली, कंडेन्सर नवा घातला. फरक नाही. मग त्यानं मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण वेगात नेली आणि तिथंच क्लच दाबून इंजिन बंद केलं, प्लग काढून पाहिला. हे तुम्हीही लक्षात ठेवा. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी. आमचा प्लग पांढरा निघाला. म्हणून त्यानं एक नंबर मोठा जेट घातला. तर काय, आधी तीन किलोमीटरवर बंद पडणारी गाडी दोनवरच बंद पडू लागली!

शेवटी त्यानं सीट उचलली, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते पाहिलं, आणि नळी काढून बाटलीत धार धरली. धार चांगली जाड पडली. पोरगं बुचकळ्यात पडलं. मी मात्र चिडलो. "चांगल्या गाडीचा खेळखंडोबा केलास. जुना कार्बोरेटर परत बसव," असं त्याच्या गिऱ्हाइकांदेखत बोललो. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर आमच्याकडं यायचा थांबला.

पुढच्या आठवड्यात सौ.ला मागं बसवून संगमनेरला लग्नाला निघालो. उशीर झाला होता, मूठ पिळलेली. इंजिन गळाठलं, आणि या वेळी चाक एकदम ओढल्यासारखं झालं. बोटं क्लचवरच होती म्हणून दाबला गेला आणि गाडी घरंगळत कडेला आली. अशा इंजिनात पेट्रोल कमी पडलं की त्याबरोबर ऑइलही कमी पडतं. पिस्टन तापून धरतो, मागचं चाक जागेवर बसतं. मागं माणूस असताना काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

मी पुतण्याच्या नावानं बोटं मोडत होतो. सौ. म्हणाली, "अहो, आधी टाकीत पेट्रोल आहे का ते तरी बघा." तिनंच झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. पेट्रोल भरपूर होतं. ती क्षणभर थांबून म्हणाली, "याला डब्यासारखं दुसरं भोक नाही का?"

वाचकहो, माझा चेहरा उतरला. झाकणाला हवेचं बारीक भोक असतंच. पण इंजिनाचं काम झालं त्याच आठवड्यात झाकणातून पेट्रोल उडतं म्हणून मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून आत बसवली होती. तिनं ते भोक बंद झालं. पेट्रोल खाली जाई, त्याच्या जागी हवा येईना, म्हणून धार आटत जाई. जोर वाढलेलं इंजिन भर वेगात पेट्रोल जास्त पितं, म्हणून तिथंच ते उघडं पडे. मोठ्या जेटनं ते आणखी लवकर आटलं. आणि गॅरेजमधली तपासणी तर झाकण उघडं ठेवून झाली होती, मग धार जाड पडणारच!

इंजिन निवल्यावर मी ती चकती काढून खिशात घातली. संगमनेरपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोरच चकती पुतण्याच्या हातात दिली. म्हटलं, "खोड माझी होती." त्यानं सिलिंडर खोलला. पिस्टनवर ओरखडे होते, पण निभावलं होतं. जेट मूळच्या नंबरचा बसवला, प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला.

तेव्हा मंडळी, गाडी फक्त वेगात रुसत असेल तर मूठ आणखी पिळू नका. किती किलोमीटरवर, किती वेगात बंद पडते ते टिपून ठेवा. पहिल्यांदा बंद पडेल तिथंच झाकण उघडून कान द्या. त्याला पैसा लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि मिस्त्रीला बोल लावण्याआधी आपण स्वतः गाडीला काय केलं ते आठवून त्याला सांगा. मी ती चकती सांगितली असती, तर पोराचे आठ दिवस आणि माझी झोप दोन्ही वाचली असती.